करारावर सही झाल्यानंतर : नवा फुटबॉलपटू संघात कसा रुजतो?

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला, की नव्या खेळाडूंची छायाचित्रे झळकू लागतात. हातात क्लबची जर्सी, शेजारी पदाधिकारी आणि चेहऱ्यावर हसू. चाहत्यांच्या दृष्टीने व्यवहार तेथे पूर्ण होतो. क्लबचे खरे काम मात्र तेथूनच सुरू होते. अनोळखी शहरात, परक्या भाषेत आणि नव्या सहकाऱ्यांमध्ये आलेल्या माणसाला लवकरात लवकर आपला खेळ खेळता येईल अशा स्थितीत आणणे, हे ते काम. ते नीट झाले नाही तर मोजलेली रक्कम बुडतेच, शिवाय खेळाडूच्या मुळातच छोट्या कारकिर्दीतील एक-दोन वर्षे कायमची हातची जातात.

गोव्याला या विषयाची दोन्ही अंगे जवळची आहेत. येथे स्पेन, ब्राझील, नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू येतात आणि येथील मुले कोलकाता, बंगळुरू, मुंबईकडे जातात. एकीकडे राज्य यजमान असते, दुसरीकडे पालक. त्यामुळे नव्या खेळाडूला सामावून घेण्याची ही प्रक्रिया नेमकी कशी चालते, हे जाणून घेण्याजोगे आहे.

सुरुवात निवडीपासूनच

खेळाडू संघात रुजेल की नाही, याचा बराचसा निकाल तो येण्यापूर्वीच लागलेला असतो. क्लबचे निरीक्षक त्याचे सामने पाहतात, आकडेवारी तपासतात. त्याचबरोबर गोल झाल्यावर आणि गोल चुकल्यावर तो कसा वागतो, राखीव खेळाडूंत बसावे लागले तर काय करतो, जुन्या प्रशिक्षकांचे त्याच्याविषयी मत काय, याचीही चौकशी होते. संघाची खेळण्याची पद्धत आणि खेळाडूचा पिंड जुळत नसेल, तर पुढे कितीही सोयी पुरवल्या तरी फारसा उपयोग होत नाही.

जागेचाही प्रश्न असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2010-11 पासून प्रत्येक क्लबला वरिष्ठ खेळाडूंची 25 जणांची यादी द्यावी लागते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 17 जण बाहेर घडलेले असू शकतात. इंडियन सुपर लीगमध्ये 2021-22 पासून एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू उतरवण्याचे बंधन आले. एक परदेशी खेळाडू चुकला, तर त्याची जागा हंगामाच्या मध्यावर सहज भरता येत नाही.

हिशेबाच्या वहीतही हा व्यवहार एका दिवसाचा नसतो. पाच कोटी पौंड मोजून पाच वर्षांसाठी घेतलेल्या खेळाडूची किंमत दरवर्षी एक कोटी याप्रमाणे खर्ची पडते. पहिले वर्ष जुळवून घेण्यात गेले, तर ते एक कोटी खेळाविनाच संपले. मोठे क्लब पहिल्या सहा महिन्यांकडे इतक्या बारकाईने का पाहतात, याचे एक कारण या हिशेबात आहे.

वैद्यकीय तपासणी

करारापूर्वीची वैद्यकीय तपासणी हा केवळ उपचार नव्हे. हृदयाचा आलेख व सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या, गुडघे, घोटे व कंबरेचे एमआरआय, स्नायूंची ताकद, धावण्याची ढब, पूर्वीच्या दुखापतींचा इतिहास असे तिचे साधारण स्वरूप असते. तिच्यातून दोन गोष्टी कळतात : खेळाडू घ्यावा की नाही, आणि घेतल्यास त्याला कसे जपावे.

नायजेरियाचा आघाडीपटू कानू याचे उदाहरण या बाबतीत आवर्जून सांगितले जाते. 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. त्याच वर्षी तो आयॅक्सकडून इंटर मिलानकडे गेला. तेथील तपासणीत त्याच्या हृदयाच्या झडपेत गंभीर दोष आढळला. कारकीर्द संपल्यात जमा होती. परंतु शस्त्रक्रिया झाली, 1997 मध्ये तो मैदानावर परतला आणि पुढे आर्सेनलकडून अनेक वर्षे खेळला. हृदयविकारग्रस्त मुलांच्या उपचारांसाठी त्याने नंतर संस्थाही उभारली. ती तपासणी झाली नसती, तर कदाचित मैदानावरच त्याचा जीव गेला असता.

रूड व्हॅन निस्टलरॉयची गोष्ट वेगळी. 2000 साली मँचेस्टर युनायटेडने त्याच्या गुडघ्याविषयी समाधान न झाल्याने करार थांबवला. त्यानंतर लगेचच सरावात त्याच गुडघ्याचे लिगामेंट तुटले. युनायटेडने त्याच्यावरचा विश्वास मात्र सोडला नाही. वर्षभराने, 2001 मध्ये, एक कोटी 90 लाख पौंड मोजून त्याला घेतले आणि त्याने क्लबसाठी 150 गोल केले.

जागतिक फुटबॉल महासंघाचा, म्हणजे फिफाचा, एक नियम खेळाडूंच्या बाजूने आहे. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होणे किंवा कामाचा परवाना मिळणे, या गोष्टींवर कराराची वैधता अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी सहीपूर्वीच उरकायची. सही झाल्यावर 'तपासणीत नापास झालास' असे सांगून खेळाडूला वाऱ्यावर सोडता येत नाही.

कागदपत्रे आणि घड्याळ

एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या खेळाडूची नोंद फिफाच्या संगणकीय प्रणालीतून होते. 2010 पासून ती व्यावसायिक खेळाडूंसाठी बंधनकारक आहे. दोन्ही क्लब व्यवहाराचा तपशील स्वतंत्रपणे भरतात, तो जुळला की जुन्या देशाचा महासंघ आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र देतो आणि मग नव्या देशात नोंदणी होते. वर्षातून दोनदाच ही नोंदणीची खिडकी उघडते.

ती बंद होण्याची वेळ किती काटेकोर असते, हे पोर्तुगालच्या आद्रिएन सिल्वाने अनुभवले. 2017 च्या ऑगस्टअखेर तो लिस्बनच्या स्पोर्टिंगकडून इंग्लंडच्या लेस्टर सिटीकडे निघाला. कागदपत्रे अवघी 14 सेकंद उशिरा पोहोचली. फिफाने नोंदणी नाकारली आणि जानेवारी 2018 पर्यंत त्याला एकही अधिकृत सामना खेळता आला नाही. चार महिने तो संघासोबत सराव करत राहिला. सामन्याच्या दिवशी मात्र प्रेक्षकच होता.

घर, कुटुंब आणि एकटेपणा

खेळाडू दिवसातून दोन-तीन तास मैदानावर असतो. उरलेला वेळ तो कोठे आणि कोणाबरोबर काढतो, यावर त्याचे मैदानावरचे दोन तास अवलंबून असतात. ही साधी गोष्ट युरोपातील श्रीमंत क्लबांनाही उशिरा उमगली. दिदिएर ड्रोग्बा 2004 मध्ये मोठी किंमत मोजून चेल्सीकडे आला. घर शोधणे, मुलांच्या शाळा ठरवणे अशी कामे सराव सांभाळून आपल्यालाच करावी लागली, हॉटेलात बराच काळ काढावा लागला, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. कोट्यवधी मोजणाऱ्या क्लबने घरासाठी एक माणूस सोबत दिला नव्हता.

आज बहुतेक मोठ्या क्लबांत यासाठी स्वतंत्र अधिकारी असतो. व्हिसा, घर, वाहन परवाना, बँक खाते, शाळा, जोडीदाराचे भाषेचे वर्ग, दवाखाना, प्रार्थनास्थळ, आवडीचे जिन्नस मिळणारे दुकान, इतकी त्याच्या कामाची व्याप्ती असते. खेळाडूच्या पत्नीचे मन शहरात रमले नाही, तर खेळाडूही फार काळ टिकत नाही, असा या कामातल्या माणसांचा अनुभव आहे.

एकटेपणाचा इलाज कधी सहवासातच सापडतो. 1978 मध्ये अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकल्यावर इंग्लंडच्या टॉटनहॅमने ओस्वाल्डो आर्डिलेसला करारबद्ध केले. त्या काळी इंग्लिश फुटबॉलमध्ये परदेशी खेळाडू दुर्मीळच होते. त्याच्या जोडीला देशबांधव रिकी विलालाही घेण्यात आले. दोघांना परस्परांचा आधार झाला. तीन वर्षांनी एफए चषकाच्या अंतिम फेरीच्या फेरसामन्यात विलाने केलेला निर्णायक गोल आजही त्या स्पर्धेतील सर्वोत्तम गोलांत गणला जातो.

उलट उदाहरणही आहे. आंखेल डी मारियासाठी मँचेस्टर युनायटेडने 2014 मध्ये ब्रिटनमधील तोवरची विक्रमी रक्कम मोजली. सुरुवात चांगली झाली. पण काही महिन्यांत त्याच्या घरी चोरीचा प्रयत्न झाला, कुटुंब घाबरले आणि एका हंगामातच त्याने इंग्लंड सोडले. त्याचे कौशल्य कमी झाले नव्हते. पॅरिसला गेल्यावर तो पुन्हा बहरला आणि 2022 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने अर्जेंटिनासाठी गोल केला.

स्पेनच्या हेसुस नवासला तरुणपणी सेव्हिया शहराबाहेर राहण्याचीच धास्ती वाटे. संघाच्या शिबिरातही त्याला भीतीचे झटके येत. क्लबने घाई केली नाही, उपचारांना वेळ दिला. 2010 मध्ये तो विश्वविजेत्या संघात होता आणि 2013 मध्ये तर मँचेस्टर सिटीकडून खेळण्यासाठी परदेशी जाण्याचीही त्याची तयारी झाली.

भाषा

मैदानावर लागणारे शब्द थोडे असतात : मागे माणूस आहे, वळ, सोड, वेळ आहे. ते दोन आठवड्यांत शिकता येतात. बैठकीत प्रशिक्षक काय सांगतात आणि जेवणाच्या टेबलावर सहकारी कशावर हसतात, हे कळायला मात्र महिने लागतात. म्हणून अनेक क्लब आठवड्यातून ठरावीक तास भाषेचे वर्ग सक्तीचे करतात आणि सुरुवातीच्या काळासाठी दुभाषा देतात. हे काम दुय्यम समजू नये. पुढे जगप्रसिद्ध प्रशिक्षक झालेले जोसे मोरिन्यो 1992 मध्ये स्पोर्टिंगमध्ये इंग्लिश प्रशिक्षक बॉबी रॉबसन यांचे दुभाषी म्हणूनच रुजू झाले होते. चांगला दुभाषा केवळ वाक्ये भाषांतरित करत नाही. प्रशिक्षकाचा राग आणि आपुलकी, दोन्ही योग्य मापात पोहोचवतो.

मैदानावरचा धीर

नव्या खेळाडूच्या शरीराला सरावाची नवी मात्रा सोसावी लागते. कोणाची सुट्टी नुकतीच संपलेली असते, कोणी वेगळ्या हवामानातून आलेला असतो. त्यामुळे पहिले काही आठवडे धावण्याचे अंतर, वेगवान धावांची संख्या आणि विश्रांती मोजून भार वाढवला जातो. दुसरीकडे चित्रफितींच्या आधारे संघाची पद्धत शिकवली जाते : चेंडू गेल्यावर कोणी कोणावर धावायचे, बचावफळी किती पुढे ठेवायची, कॉर्नरच्या वेळी कोणाला अडवायचे.

लिव्हरपूलमध्ये युर्गेन क्लॉप यांनी याबाबत दाखवलेला संयम नमुनेदार मानला जातो. 2017 मध्ये आलेल्या अँडी रॉबर्टसनला डिसेंबरपर्यंत मोजकेच सामने मिळाले. 2018 च्या मेअखेर करारबद्ध झालेल्या फाबिन्योला लीग सामन्याच्या पहिल्या अकरा जणांत स्थान मिळायला ऑक्टोबरअखेर उजाडले. दोघेही पुढे युरोपीय आणि इंग्लिश विजेतेपद मिळवणाऱ्या संघाचे आधारस्तंभ ठरले. बाकावर काढलेले ते महिने शिक्षेचे नव्हते, शिकवणीचे होते.

थिएरी हेन्रीचे उदाहरणही हेच सांगते. 1999 मध्ये युव्हेंटसमध्ये सूर न सापडल्यावर तो आर्सेनलकडे आला. आर्सेन वेंगर यांनी त्याला बगलेवरून मधल्या आघाडीवर आणले. सुरुवातीच्या आठ सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. हंगाम संपला तेव्हा 26 गोल झाले होते आणि क्लब सोडेपर्यंत तो आर्सेनलचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. पहिल्या आठ सामन्यांवरून निकाल दिला असता, तर आर्सेनलने आपला सर्वोत्तम आघाडीपटू गमावला असता.

ड्रेसिंग रूमचे अलिखित नियम

संघात प्रवेशाचे काही विधी असतात. अनेक संघांत नवख्याला सर्वांच्या जेवणाच्या वेळी खुर्चीवर उभे राहून गाणे म्हणावे लागते. आवाज कसा आहे याला महत्त्व नसते. हसण्यावारी नेता येते का, हे पाहिले जाते. कर्णधार किंवा एखादा ज्येष्ठ खेळाडू नवख्याचा पाठीराखा नेमला जातो. उशिरा आल्यास किती दंड, बसमध्ये कोणाची जागा कोणती, प्रशिक्षकांना केव्हा भेटावे, या गोष्टी तोच सांगतो. एका भाषेच्या खेळाडूंचा वेगळाच गट पडू नये म्हणून जेवणाच्या जागा आणि खोल्यांचे सोबती मुद्दाम बदलले जातात. नव्याच्या येण्याने ज्याची जागा जाते त्याच्याशी प्रशिक्षकाने आधीच स्पष्ट बोलणे, ही यातील सर्वांत नाजूक आणि सर्वाधिक टाळली जाणारी गोष्ट.

गोव्याचा अनुभव

गोमंतकीय फुटबॉलने या प्रक्रियेचे यशही पाहिले आहे आणि दुःखही. एफसी गोवा संघ 2016 मध्ये आयएसएलच्या तळाला होता. झिको यांच्यानंतर 2017 मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक झाले. त्यांच्याबरोबर फेरान कोरोमिनास, एदू बेदिया, मानुएल लांझारोते असे स्पॅनिश खेळाडू एकाच वेळी दाखल झाले. भाषा एक, खेळण्याची पद्धत परिचित आणि जोडीला मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस यांच्यासारखे घरचे खेळाडू. चौतिशीतल्या कोरोमिनासने पहिल्याच हंगामात 18 गोल केले. लागोपाठ दोन हंगामांत तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. 2019 मध्ये सुपर चषक आणि 2019-20 मध्ये लीगमधील अव्वल स्थानाची ढाल गोव्याकडे आली.

2020 मध्ये लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, ह्युगो बुमूस, मोर्ताडा फॉल आणि मंदार राव देसाईही गेले. त्या वर्षी साथीमुळे आयएसएलचे सर्व सामने गोव्यातच झाले आणि मुंबईने ढाल व चषक, दोन्ही जिंकले. नव्या संघात आलेल्या या चौघांना प्रशिक्षकाची भाषा नव्याने शिकायची नव्हती. ओळख ही किती मोठी पुंजी असते, याचा पुरावा फातोर्ड्याच्या मैदानाने त्या हंगामात दोन्ही अर्थांनी पाहिला : मुंबईच्या जल्लोषातून आणि गोव्याच्या रिकाम्या झालेल्या जागांतून.

दुःखाची आठवण त्याहून जुनी आहे. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर 2004 मध्ये धेंपो क्लबकडे आला होता. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरूत मोहन बागानविरुद्ध फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने धेंपोचे दोन्ही गोल केले. दुसऱ्या गोलच्या वेळी प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी धडक होऊन तो कोसळला आणि वाचू शकला नाही. धेंपोने चषक जिंकला. तो उचलण्यात मात्र कोणालाच आनंद उरला नव्हता. या घटनेनंतर मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेचा प्रश्न देशभर चर्चेत आला. घरापासून हजारो मैल दूर खेळणाऱ्या माणसाची जबाबदारी क्लबच्या आणि आयोजकांच्या खांद्यावर असते. करारापूर्वीची तपासणी झाली म्हणून ती संपत नाही. ती प्रत्येक सामन्याला नव्याने सुरू होते.

येथून बाहेर जाणाऱ्यांची वाट आणखी अवघड असते. आसोळण्याचा रोमिओ फर्नांडिस 2015 मध्ये धेंपोकडून उसनवारीवर ब्राझीलच्या अॅटलेटिको पारानाएन्सेकडे गेला. गोव्याच्या खेळाडूसाठी ती अपूर्व संधी होती. पण मुक्काम अल्पकाळाचा ठरला आणि मुख्य संघाकडून खेळायला अगदी थोडे मिळाले. देश, भाषा आणि खेळाची गती, सारे एकदम बदलत असताना काही महिन्यांची मुदत अपुरीच असते.

अल्पवयीन खेळाडू

अठरा वर्षांखालील खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणास फिफाची मनाई आहे. पालक फुटबॉलखेरीज अन्य कारणासाठी त्या देशात राहायला गेले असल्यास, तसेच इतर काही मोजक्या परिस्थितींत सूट मिळते. परदेशी संघाचे आमिष दाखवून पैसे उकळणाऱ्या आणि मुलांना परक्या शहरात सोडून देणाऱ्या तोतया एजंटांमुळे हा नियम कडक करावा लागला. बार्सिलोनासारख्या क्लबलाही त्यातून सूट नाही. 2014 मध्ये या नियमाच्या भंगाबद्दल त्याच्यावर दोन खिडक्यांची नोंदणीबंदी आली. 2015 मध्ये घेतलेले आर्दा तुरान आणि अलेइश विदाल त्यामुळे जानेवारी 2016 पर्यंत नुसता सराव करत राहिले.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

बाहेरच्या क्लबचे बोलावणे आलेल्या तरुण खेळाडूने आणि त्याच्या पालकांनी काही गोष्टी लेखी घ्याव्यात.

- करार लेखी आहे का, त्याची सही केलेली प्रत आपल्या हाती आहे का? व्यावसायिक खेळाडूसाठी लेखी करार हा फिफाचा मूलभूत नियम आहे.
- वैद्यकीय तपासणी सहीपूर्वी होणार की नंतर? अहवालाची प्रत मिळेल का?
- सामन्यात किंवा सरावात दुखापत झाल्यास शस्त्रक्रिया, पुनर्वसन आणि त्या काळातील पगार कोणाच्या जबाबदारीवर?
- राहण्या-जेवणाची सोय कोठे, किती जणांत आणि किती काळ?
- आपल्या जागी संघात आज कोण खेळतो आणि प्रशिक्षकाचा आपल्याबाबत विचार काय?
- उसनवारीवर पाठवायचे झाल्यास आपली संमती घेतली जाईल का?
- रात्री अडचण आली, तर फोन कोणाला करायचा?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु क्लबची पारख बहुधा त्याच्या उत्तरावरूनच होते. एका माणसाचे नाव आणि क्रमांक लगेच पुढे आला, तर तेथे नव्या खेळाडूचा विचार कोणीतरी आधीच केलेला आहे असे समजावे. उत्तर देणारे एकमेकांकडे पाहू लागले, तर सही करण्यापूर्वी आणखी एकदा विचार करावा.